उकिडवी बसलेली आई

जवाहरनगरच्या विहारात ध्यानाला बसताना कोणीतरी मला खाली घ्यायला पोत्याची घडी दिली. तिला धानाचा वास होता, आणि मी मनाने गावी, दिघोरीत पोचलो.

तिथल्या विहारात एकदा आई दिवसभर धानाची रोपं रोवून थेट आली होती. पोटऱ्यांवरचा चिखल वाळत होता. सगळे मांडी घालून बसले, ती एकटी पोत्यावर उकिडवी.

"बाई, मांडी घाला. आराम वाटेल," भंतेजी म्हणाले.

"मांडी घातली का मले झोप लागते, भंतेजी. दिवसभर वाकून कंबर गेली. असं बसलं का जिवाले बरं वाटते."

"मग तशाच बसा."

आम्ही सारखे पाय बदलत होतो. आई हलली नाही. डोळे मिटलेले, पण बोटं मात्र हवेतच जुडीतलं एकेक रोप सुटं करत होती. मला तेव्हा हसू आलं होतं.

आई जाऊन वर्ष होत आलं. मी रडलो नाही. कोणी विचारलं तर बरं आहे म्हणतो. खरंच काही वाटत नाही.

आज मांडी मोडून मीही उकिडवा बसलो. हळूहळू गुडघे ठणकू लागले. शेजारचा कुजबुजला, "भाऊ, कायले त्रास करून घेता? पाय मोकळे करा ना."

मी केले नाहीत. कितीतरी दिवसांनी कुठेतरी दुखत होतं.