मेक्सिकोच्या पत्राचं दुसरं पान

आमच्या शेजारी हातमागावर लुगडी विणणारं एक तेलुगू कुटुंब होतं. त्यातल्या विधवा बाईंना सगळी गल्ली अम्मा म्हणे. त्यांचा एकुलता मुलगा मुंबईला जाऊन बोटीवर कामाला लागला आणि पुढे मेक्सिको देशात उतरून तिथंच राहिला. तिथल्या एका शेतकी शाळेत तो मजुरी करी. त्याला लिहिता येत नसे, म्हणून एका मास्तरांकडून तो इंग्रजीत पत्र लिहून घेई. आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच, तेव्हा ती पत्रं माझ्याकडे येत. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, पण हातात कागद असला की निभावून जाई.

एकोणीसशे तीसच्या उन्हाळ्यात शहरात लष्करी कायदा लागला. चौकात गोरे शिपाई पांढरी टोपी दिसली की ती डोक्यावरून पाडत आणि माणसाला धरून नेत. माझे वडील कोर्टात कारकून. त्यांनी घरातली सूत कातायची टकळीसुद्धा आडात टाकली होती. अशातच एके दुपारी अम्मा एक जाड पाकीट घेऊन आल्या. बरोबर त्यांच्या भावाची सतरा वर्षांची मुलगी होती. त्यांच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. त्यानं नाही म्हटल्याशिवाय मामाला दुसरीकडे बोलणी करता येत नसत. ती मुलगी त्याच्यासाठी थांबली होती.

"वाच की. येतो म्हणतोय का न्हाय?"

पाकिटात फोटो होता. एका भिंतीवर बंदुका घेतलेले, रुंद टोप्यांचे शेतकरी रंगवलेले, आणि पुढे तो उभा.

"केवढी टोपी गं ही! पाडायला दोन शिपाई लागतील," अम्मा म्हणाल्या आणि तिघीही हसलो.

मी पहिलं पान वाचून दाखवलं. त्या देशात क्रांती होऊन दहा वर्षं लोटली, तरी आपण नक्की कोण, यावर लोकांचा वाद मिटला नव्हता. कुणी स्वतःला स्पॅनिशांचे वंशज म्हणवी, कुणी मूळचे रहिवासी. सरकार म्हणे, दोन्ही मिळून एक राष्ट्र. जमीनदारांच्या जमिनी गावांना वाटायच्या होत्या.

"मग आमच्या पोराला दिली का?"

"नाही. तो मजूरच आहे. पुष्कळांना अजून मिळालेली नाही. लढलेले सरदार मात्र वाड्यांत राहतात, असं लिहिलंय."

"मग कसली क्रांती ती? हितल्या मालकावानीच की."

"तिकडच्या बायका कशा असतात, लिहिलंय का?" मुलीनं हळूच विचारलं.

मी दुसरं पान उलटलं आणि आधी मनातच वाचलं. रंगारूपावरून तिथले लोक त्याला आपल्यातलाच समजत. आता त्यानं त्या देशाचं नागरिकत्व घेतलं होतं. तिथल्याच मुलीशी लग्न केलं होतं, एक लेकही होती. मामांना सांगा, मुलीला माझ्यासाठी बसवून ठेवू नका, असं शेवटी लिहिलं होतं.

मी तोंड उघडणार तोच वडील घरात आले. त्यांनी फोटोतल्या बंदुका पाहिल्या, कागदावरचा क्रांतीचा इंग्रजी शब्द वाचला, आणि काही न विचारता सगळं उचलून न्हाणीघरातल्या बंबात घालून जाळलं. पाकिटासकट.

"माझ्या पोराचा फोटो हाय तो, दादा!" अम्मा ओरडल्या.

"झडती झाली तर तुमचा पोरगा येणार आहे का सोडवायला?"

अम्मा दारात बसून रडल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "राहिलेल्या पानात काय होतं?"

फोटो नुकताच जळला होता. मी म्हणाले, "थोडं स्थिरस्थावर झालं की येतो, म्हणतोय."

दिवाळीत त्या मुलीला अक्कलकोटचं एक चांगलं स्थळ आलं. मुलाचे स्वतःचे दोन माग होते. मामांनी अम्मांच्या शब्दावर ते परतवलं. तेव्हा मी घाबरत जाऊन खरं सांगितलं.

अम्मांनी हात पुढे केला. "कागद दाव."

"तो तर जळला."

"बापानं कागद जाळला, आता तू जिभेनं माझ्या पोराला जाळ."

मी त्याला लिहून परत विचारते म्हटलं, तर पत्त्यासाठी जुनी पाकिटंही त्यांनी दिली नाहीत. त्याच्या मते निरोप पोचला होता, त्यामुळे त्याचंही पत्र पुन्हा आलं नाही.

दोन वर्षांनी ती मुलगी आडावर भेटली. अजून तशीच होती. आता स्थळंही येत नव्हती.

"त्याला पोरगा हाय का पोरगी?" तिनं विचारलं.

"पोरगी. तुला कुणी सांगितलं?"

"तवाच कळलं. दुसरं पान वाचताना तू माझ्याकडं बघितलंस."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"मला कुणी इचारलं? तुला इचारलं हुतं," ती म्हणाली आणि घागर उचलून घरी गेली.