सबसिडीच्या रिक्षावर खंडेनवमीचं पाणी

पुंजारामचा दिवस पहाटे चार वाजता सुरू व्हायचा. तोंड धुण्याआधी तो अंगणात जाई आणि रिक्षाच्या चार्जरवरचा दिवा हिरवा झाला का ते बघे. दिवा लाल असला की समजायचं, रात्री लाइट गेली होती. मग तो हिरवा होईपर्यंत बसून राहायचं. धडधाकट माणूस, आणि दिव्याकडं बघत बसलेला. मला ते बघवत नसे.

पुंडलिकनगरात माझं घर त्याच्या समोरच. एकतीस वर्षं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी यांत्रिक हातोड्याखाली तापलेलं लोखंड धरलं. काम किती, हे मला वजनावरून कळतं.

पुंजाराम सोयगाव तालुक्यातला. वडील सोनाजी मेंढरं राखायचे. एका दुष्काळात चारा संपला, कळप विकला, पोरगा शहरात आला. आधी जाधववाडीच्या बाजारात हमाली, मग पंधरा वर्षं दुसऱ्याच्या डिझेल रिक्षावर ड्रायव्हर. शहर वाढलं, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायला लागलं, तेव्हा त्यानं त्याच भाड्याच्या रिक्षावर पाण्याच्या जारचा धंदा धरला. दौलताबादला किल्ल्याखाली आवडाबाईची खानावळ आणि शेजारची सहा दुकानं हे त्याचं मोठं गिऱ्हाईक. पंचवीस जार, सकाळी दहाच्या आत. त्या फेरीवर घर चालायचं. वीस लिटरचा जार भरून उचलायचा, गाडीत चढवायचा, उतरवून आत नेऊन ठेवायचा. तीनदा उचलणं. म्हणजे चहाच्या आधी पंच्याहत्तर वेळा.

त्यात सबसिडीच्या विजेच्या रिक्षांचा मेळावा भरला. मांडव, कूलर, फुगे. मीही बरोबर गेलो.

"एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर, काका," टाय लावलेला विक्रेता म्हणाला.

"किती माल टाकून?"

"म्हणजे?"

"पंचवीस जार टाक, दौलताबादच्या वाटेवरचा मिटमिट्याचा चढ चढव, मग किलोमीटर सांग."

तो हसला. "टेस्ट ड्राइव्ह इथं मैदानातच आहे, काका."

पुंजारामनं माझी बाही ओढली. "मामा, गप ऱ्हावा ना. सरकार पैसे देतंय, आपण कशाला खोट काढायची?" आणि सही केली.

खोट रस्त्यानं काढली. उन्हात, भरल्या गाडीनं, शंभरचे साठ झाले. लाइट गेलेल्या रात्रीनंतर तीसही होईनात. चढावर मोटर तापून रिक्षा जागेवर थांबायची. मग बारा जार रस्त्याकडेला उतरवायचे, सोबत आलेल्या बायकोला, राजाबाईला, राखण बसवायचं, तेरा जार पोचवून परत यायचं आणि बारा पुन्हा चढवायचे. पंच्याहत्तरचे नव्व्याण्णव झाले. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्या कागदात हे चोवीस कुठं मांडलेले असतील तर मला दाखवा. रस्त्यात चार्जिंगचं एक ठिकाणही केलं होतं. उद्घाटनाचा हार वाळून गळून पडला, वीज काही आली नाही. कुणी म्हणे, सीएनजी घ्यायची होती. त्या पंपावरची रांग मी मोजली आहे, दोन तासांची. रांगेत उभं राहून जार पोचत नाहीत.

आवडाबाई तोंडाची तिखट. "पुंजारामभाऊ, तुमची रिक्षा गाभण हाय का काय? चढ आला की बसतीच कशी?"

"बाई, तापली जरा."

"मीबी तापले. दहाला पाणी पायजे. टेम्पोवाला रोज दारात इचारून जातो."

पुंजाराम तरी रिक्षावर रागावला नाही. मेंढरू आजारी पडलं की कानाला हात लावून ताप बघायचा, ही त्याची सवय. तसाच तो बॅटरीच्या पेटीला हात लावून बसायचा.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. खंडेनवमी कोरडीच आली. त्यांच्या घरात त्या दिवशी सोनाजीची लोकर कातरायची कातर धुऊन पुजतात, आणि गाडीही. राजाबाई ओरडली, "अवो, प्यायला पाणी नाय अन् गाडी धुताय?"

"बिगर धुतलेल्या हत्याराची पूजा असती का?"

न खपलेले चार जार होते. त्यानं सीट उचललं, पेट्यांची झाकणं उघडली आणि आतून बाहेरून रिक्षा लख्ख धुतली. डिझेलचं इंजिन तो पंधरा वर्षं असंच धुत आला होता. मी समोर बसून बघत होतो. मलाही वावगं वाटलं नाही. आम्हीही हातोडा धुऊनच पुजायचो. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. किल्ली फिरवली. काही नाही.

दसऱ्यानंतर आम्ही ती ओढत सर्व्हिसला नेली.

"आत पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही," तिथला पोरगेला इंजिनिअर म्हणाला.

"पावसात चालती म्हणले होते," पुंजाराम म्हणाला.

"चालते. झाकणं उघडून धुवायची नसते. पुस्तकात लिहिलंय."

पुस्तक इंग्रजीत. पान एकेचाळीस.

"पार्ट यायला सहा आठवडे लागतील. पर्यावरणाची गाडी आहे काका, थोडा धीर धरा."

"तोवर खानावळीतल्या लोकांना तहान लागू नये, असं कळवू का?" मी विचारलं. त्यानं पावती फाडून दिली.

आमच्या गल्लीच्या टोकाला फकिरा राहतो. त्याची वीस वर्षांची डिझेल रिक्षा पुंजारामनं दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या दिवसाच्या भाड्यानं घेतली. काळा धूर, पत्र्याचा खडखडाट. पंचवीसच्या पंचवीस जार घेऊन ती पावणेदहाला किल्ल्याखाली उभी.

आवडाबाईनं पदर नाकाला लावला. "आली का धूर काढत? येऊ द्या. खोकू, पण पाणी तरी पिऊ."

टेम्पोवाला परत गेला. फेरी वाचली.

पार्ट अकरा आठवड्यांनी आला. रिक्षा चालू झाली, पहाटेचा लाल दिवाही चालू झाला, आणि मिटमिट्याचा चढ होता तिथंच होता. धूर वाईट, हे मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षांचा धूर माझ्या छातीत आहे. पण मला शिकवायला येणाऱ्यानं आधी एक जार चौथ्या मजल्यावर नेऊन दाखवावा.

पुंजाराम सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जाधववाडीत जायला लागला. सकाळी जार, दुपारी पन्नास किलोची पोती, पाठीवर. पाच महिने. गुढीपाडव्याला त्यानं फकिराची रिक्षा विकत घेतली.

विजेच्या रिक्षाला गिऱ्हाईक मिळालं नाही. ती आता राजाबाई चालवते. गल्लीतले आठ-दहा जार, सपाट रस्ता, तेवढं तिला जमतं. पाडव्याला दोन्ही गाड्या दारात लावल्या. राजाबाईनं तिच्या रिक्षावर कोरडा फडका मारला.

"मामा, हिला पाणी मारू का?" पुंजारामनं डिझेलच्या रिक्षाकडं बोट करून विचारलं.

"मार," मी म्हणालो.

त्यानं अख्खा जार इंजिनवर ओतला, हात पुसले, किल्ली फिरवली. पाच महिन्यांच्या हमालीची ती रिक्षा तिसऱ्या खेपेला सुरू झाली.