आईचा आवाज आणि न दिसलेली नस

मंडळी, आज दुपारी आईला घेऊन अंधेरीच्या हॉस्पिटलमध्ये गेले होते. आई वेसाव्याची, चाळीस वर्षं बाजारात मासळी विकतेय. मागच्या महिन्यात तिचं थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आवाज गेलाय. नुसती कुजबुज येते.

आज डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा तपासला. म्हणाले, "आवाजाची नस दुखावलीय. गाठ तिला चिकटली होती, नस वेगळी दिसलीच नाही. सहा महिने वाट बघू."

मी विचारलं, "ऑपरेशन करताना नस उजळून दाखवणारा कॅमेरा असतो ना? मी वाचलंय."

"त्याच्या चाचण्या चालू आहेत. आपल्याकडे अजून आलेला नाही."

आई कुजबुजली, "मग थोडं थांबलो असतो तर?"

"मावशी, कॅन्सर थांबला नसता."

घरी येताना बाजारात तिचं जुनं गिऱ्हाईक भेटलं. "काय गं, परत कधी बसतेस?" आईने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. मीच म्हटलं, "बसेल लवकरच." खोटं बोलले.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा गेलेला आवाज परत आलाय का? नसेल आला, तरी खरं सांगा.