दोन विहिणी आणि तीन बेटं

माझी आई आणि माझ्या सासूबाई एकाच वेळी ऑस्ट्रेलियात येणार, हे आम्ही काही ठरवून केलं नव्हतं. सासूबाई ऑक्टोबरात येऊन जानेवारीत परत जाणार होत्या आणि आई फेब्रुवारीत यायची होती. पण सासूबाईंचा व्हिसा लांबला, आईला प्रवासात सोबत लवकर मिळाली, आणि नोव्हेंबरात आठ दिवसांच्या अंतराने दोघी सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या आमच्या घरी येऊन पोहोचल्या.

आई साताऱ्याची. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. सासूबाई ठाण्याच्या, कमी बोलणाऱ्या, सगळं वेळच्या वेळी करणाऱ्या. दोघींचं भांडण वगैरे काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटायचं. रोज सकाळी चहाच्या वेळी एकच संवाद व्हायचा.

"तुम्ही बसा हो विहीणबाई, मी टाकते चहा."

"छे, तुम्ही कालही केलात. आज मी."

मग दोघी उभ्याच राहायच्या आणि शेवटी चहा मी करायचे. मी आईला 'अगं आई' म्हणते आणि सासूबाईंना 'अहो आई'. त्यामुळे घाईत नुसतं 'आई' म्हणून हाक मारली की दोघी एकदम यायच्या, किंवा दुसरी जाईल म्हणून कुणीच यायचं नाही. तीन आठवड्यांत मी थकून गेले.

डिसेंबरात लेकीची शाळा सुटली की क्वीन्सलंडला व्हिट्संडेच्या बेटांवर जायचं, असं बुकिंग नवऱ्याने आधीच करून ठेवलं होतं. ऐन वेळी त्याच्या प्रोजेक्टची तारीख पुढे सरकली आणि त्याला सुट्टी मिळेना. "तुम्ही चौघी जा ना. मजा येईल," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव होता तो मी अजून विसरलेले नाही.

आम्ही एअरली बीचला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी बोट होती. सकाळी आठला निघायचं, तीन बेटं करायची, संध्याकाळी परत. बोट लहानशी, वीसएक माणसांची. मी पाचला उठले तर आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या स्वयंपाकघरात दिवा. आईने मेथीच्या दशम्या केल्या होत्या, सासूबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या. दोघींनी एकमेकींना त्रास नको म्हणून वेगवेगळं, गुपचूप करायचं ठरवलं होतं आणि एकाच शेगडीपाशी भेटल्या होत्या.

बोटीचा कप्तान सत्तरीचा असावा. उन्हाने डागाळलेले हात, डोक्यावर विटलेली टोपी. त्याच्याबरोबर एक उंच, मोकळ्या आवाजाची बाई होती. ती सगळ्यांना सूचना देत होती. पाण्यात जेलीफिश असतात, म्हणून उतरायचं तर डोक्यापासून घोट्यापर्यंत अंगाला चिकटणारा निळा सूट घालायचा, असं तिने सांगितलं. आईने लगेच दोन सूट मागून घेतले. तिने घरीच सगळं वाचून काढलं होतं. कोणत्या बेटावर काय दिसतं, भरती किती वाजता, कुठे कोणते मासे. "मी काही पोहणार नाही," ती म्हणाली, "पण गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहीन. इतक्या लांब येऊन सुकी परत जाणार नाही." दुसरा सूट तिने सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी त्याची नीट घडी घालून तो पिशवीत टाकला.

बंदर सोडून उघड्या समुद्रात आलो तसे हेलकावे वाढले. पंधरा मिनिटांत आईचा चेहरा उतरला. माहिती सांगता सांगता ती मध्येच थांबली, आणि मग तिला जे व्हायचं ते झालं. मी पिशवी शोधतेय, लेक "ओ नो, ओ नो" करतेय, तोवर सासूबाई उठून आईपाशी गेल्या होत्या. एका हाताने त्यांनी आईचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठीवरून हात फिरवला.

"पाण्याकडे बघू नका. तो लांबचा डोंगर दिसतोय ना, त्याच्यावर नजर ठेवा. आणि ही आल्याची वडी गालात धरा. चावू नका."

हे चालू असताना बोट जोरात डोलत होती. मी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होते. कप्तान माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "तुमच्या आई बोटीत वाढल्या आहेत का?"

"त्या माझ्या सासूबाई. आणि नाही, त्या ठाण्याच्या. म्हणजे शहरातल्या."

"पाय बघा त्यांचे," तो म्हणाला.

मी बघितलं. सासूबाई कशालाही न धरता उभ्या होत्या. पाय थोडे फाकलेले, गुडघे सैल, आणि बोट वळली की शरीर आपोआप दुसऱ्या बाजूला जात होतं. कप्तान म्हणाला, त्याचा जन्म एड्रियाटिक समुद्रातल्या एका छोट्या बेटावरचा. आठ वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इकडे आला. तिकडे शेजारच्या गावी जायचं तरी होडी लागायची, त्यामुळे अशी उभी राहणारी माणसं त्याला लांबूनही ओळखू येतात.

आई जरा सावरल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे बघितलं.

"माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं नाही का? शाळा पलीकडच्या काठाला. रोज तरीतून जायचो." तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, हे त्यांनी माझ्या लेकीला सांगितलं. "कधी तरवाला जेवायला गेलेला असायचा. मग आम्ही दोघी-तिघी दप्तरं काठावरच्या दुकानात ठेवून पोहत घरी यायचो. दप्तरं दुसऱ्या दिवशी तिथेच."

"तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं. माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली होती.

"येत होतं."

"आम्हाला कधी बोलला नाहीत."

"त्यात काय बोलायचं? सायकल येते म्हणून कुणी सांगत फिरतं का? आणि लग्न होऊन ठाण्यात आल्यावर कुठे पोहणार होते? साडी नेसून तलावात उतरले असते तर तुझ्या सासऱ्यांनी पोलीस बोलावले असते."

आई तोंडात वडी धरून हे सगळं ऐकत होती. तिने सासूबाईंच्या पिशवीतला निळा सूट काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

पहिलं बेट आलं तेव्हा कप्तानाने बोट एका शांत कोनाड्यात उभी केली. तळाची प्रवाळं वरून दिसत होती. तो सूट सासूबाईंना चढवायला मला, लेकीला आणि त्या उंच बाईला मिळून दहा मिनिटं लागली. चेन पाठीशी अडकली, मग सुटली. सूट घालून उभ्या राहिल्यावर त्या मला एकदम लहान दिसल्या. साडीत आणि पंजाबी ड्रेसमध्ये त्यांचं जे एक वजन वाटायचं, ते कुठेतरी गेलं होतं.

शिडीच्या शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या. पाणी कमरेपर्यंत, दोन्ही हात शिडीला घट्ट. मी वर बोलवायला वाकले, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी एक हात सोडवून पाणी तोंडावर घेतलं, पुन्हा एकदा घेतलं, आणि शिडी सोडली.

त्यांचं पोहणं स्विमिंग पूलमधल्यासारखं नव्हतं. मान पाण्याच्या वर, अंग थोडं कुशीवर, एक हात पुढे ओढत आणि पाय कात्रीसारखे. घाई अजिबात नव्हती. बोटीला एक पूर्ण वळसा घालून त्या आल्या, दम लागलेला, आणि हसत होत्या. मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना फारसं पाहिलेलं नव्हतं.

"मम," माझी लेक हळूच म्हणाली, "आजी इज बेटर दॅन मी."

दुसरं बेट मोठं होतं. तिथल्या वाळूबद्दल सगळे बोलतात, ती पिठासारखी पांढरी आणि पायाखाली किरकिरणारी वाळू. वर टेकडीवरून खाडी बघायला जायची वाट होती. आईला अजून अशक्त वाटत होतं, म्हणून दोघी खाली झाडाच्या सावलीत बसल्या आणि मी लेकीला घेऊन वर गेले. वरून ओहोटीचं पाणी आणि वाळू एकमेकांत मिसळलेली दिसत होती, जसं दुधात निळा रंग कालवून अर्धवट सोडलाय. लेकीने पन्नास फोटो काढले. बोट निघायला वीस मिनिटं उरली तशी आम्ही खाली आलो.

झाडाखाली कुणी नव्हतं. चार चपला एका ओळीत होत्या, पिशवी होती, आईचा चष्मा त्याच्या डबीत होता. आई चष्म्याशिवाय कुठे जात नाही. मी हाका मारल्या. 'आई' अशीच मारली, आणि हाकेला उत्तर दोघींपैकी कुणीच दिलं नाही. लेक एका बाजूला पळाली, मी दुसऱ्या. मनात काय काय येत होतं ते आता लिहावंसंही वाटत नाही. आईला पोहता येत नाही, सासूबाई सत्तरीच्या जवळ, आणि मी दोघींना एकटं सोडून फोटो काढत बसले.

खडकांचा एक पट्टा पाण्यात शिरला होता. त्याच्या पलीकडे मला दोन निळे सूट दिसले. पाणी कमरेएवढं होतं. सासूबाई उभ्या होत्या आणि आई पाण्यावर आडवी, उताणी, डोळे गच्च मिटून. सासूबाईंचा एक तळवा तिच्या पाठीखाली होता.

"पोट वर घे. आणखी. मान सैल सोड, कान भिजू देत."

"सोडू नकोस हं."

"नाही गं सोडत. तू श्वास घे."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. सासूबाईंनी मोकळा हात वर करून मला थांबवलं. मग त्यांनी पाठीखालचा तळवा हळूच काढून घेतला. आई तशीच राहिली. लहान लाट आली, तिच्याबरोबर ती थोडी वर गेली, थोडी खाली आली. मी मनात आकडे मोजले. अकरापर्यंत पोहोचले तेव्हा आईने डोळे उघडले, आपल्याला कुणी धरलेलं नाही हे तिला कळलं, आणि ती एकदम बुडाली. सासूबाईंनी काखेत हात घालून तिला उभं केलं. ती खोकत होती, नाकातून पाणी येत होतं.

"तुम्हाला काही कळतं का दोघींना?" माझा आवाज चढला. "मी सगळीकडे शोधत फिरतेय. बोट निघायची वेळ झाली."

आईने तोंड पुसलं. "ओरडू नकोस," ती म्हणाली, वर्गात म्हणायची त्या स्वरात. "मी शिकतेय. किती वेळ राहिले गं मी?" हा प्रश्न मला नव्हता.

"दहा तरी मोजले मी," सासूबाई म्हणाल्या.

"अकरा," मी म्हणाले. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी कपड्यांसकट पाण्यात शिरले आणि दोघींचे हात धरून त्यांना बाहेर आणलं.

बोटीवर सगळे आमची वाट बघत बसले होते. आईने मधोमध उभं राहून, ओल्या सूटमध्ये, शुद्ध इंग्रजीत सर्वांची माफी मागितली आणि उशिराचं कारणही सांगितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने टाळी वाजवली. "नो वरीज, लव्ह," ती उंच बाई म्हणाली आणि तिने आईला टॉवेल दिला.

तिसरं बेट इवलंसं होतं. तिथे फक्त चहा आणि फळं. कप्तान आमच्यापाशी येऊन वाळूत बसला. सासूबाईंनी त्याला पुरी दिली, त्याने दोन खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. मग सासूबाईंना त्याला बरंच काही विचारायचं होतं, आणि दुभाषी होती माझी लेक.

"त्याला विचार, त्यांच्या बेटावर मासे कसे करतात."

लेकीने विचारलं. निखाऱ्यावर भाजून, वर ऑलिव्हचं तेल, लसूण आणि मीठ, तो म्हणाला.

"आणि तिखट?"

"नो चिली," लेक म्हणाली.

सासूबाईंनी त्याच्याकडे सहानुभूतीने बघितलं आणि पुऱ्यांचा डबा आणखी पुढे सरकवला. आई शाकाहारी, त्यामुळे माशांचा विषय निघाल्याबरोबर ती जरा लांब सरकून बसली होती, पण कान इकडेच होते. कप्तान सांगत होता की त्याच्या आईचा जन्म बेटावरचा, इकडे आल्यावरही मरेपर्यंत समुद्रासमोर राहिली, पण पोहायला कधी शिकली नाही. बायकांना कुणी शिकवायचंच नाही त्या काळात. तो एकदा गावी परत गेला होता. दगडी किनारा, पाइनची झाडं, घरांना कुलपं. "पाणी मात्र तसंच आहे," तो म्हणाला. लेकीने हे भाषांतर करून सांगितल्यावर सासूबाईंनी मान हलवली.

परतीच्या वाटेवर आईला अजिबात मळमळलं नाही. दोघी बोटीच्या मागच्या बाकावर एकच टॉवेल पांघरून बसल्या होत्या आणि आई सासूबाईंना समजावून देत होती की माणूस पाण्यावर का तरंगतो. सासूबाई म्हणाल्या, "इतकं माहीत होतं तर मग घाबरत का होतीस?"

सिडनीला आल्यावर आठवड्यातून दोनदा मी त्यांना पूलवर सोडायला लागले. सकाळचा चहा पहिली उठेल तिने करायचा, असं त्यांचं आपापसात ठरलं. सासूबाई भारतात परत गेल्या तोपर्यंत आईला पूलची रुंदी अर्धी पार करता येत होती, पण तोंड पाण्यात घालायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. आता साताऱ्यात तिने पोहण्याच्या बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलंय, आणि ठाण्यात सासूबाईंनी. रविवारी दोघींचा तासभर फोन चालतो. परवा नवऱ्याने विचारलं, काय बोलता एवढं? सासूबाई म्हणाल्या, "ती हात फार उथळ मारते. तेच सांगत होते."