पावटे सोलायचा तास

"आमच्या मुलीला तुम्ही पावटे सोलायला बसवलंत?"

रियाचे पप्पा दारात उभे, मी खाली मुलांत बसलेली.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. बंगळुरात, जयनगरला मॅडमच्या घरी खालच्या दोन खोल्यांत आमची नर्सरी. मी नववी नापास, मदतनीस म्हणून लागलेली. माझी पिंकी तिथेच बसायची, तिला फी नाही. मला काढलं की तिचीही शाळा गेली. एवढंच डोक्यात.

झालं काय, त्या आठवड्यात टीचर रजेवर. मॅडम म्हणाल्या, ॲक्टिव्हिटी तू ठरव, पण पर्पज पाहिजे. ॲक्टिव्हिटी म्हणजे मुलांना हाताने काही करायला द्यायचं. पर्पज म्हणजे त्यातनं मूल काय शिकणार ते. पावट्याचा सीझन होता. इथे घरोघरी दाणे भिजवतात, चिमटीत दाबून सोलतात. आमच्या लेकरांना क्रेयॉन नीट धरवत नव्हता. म्हटलं, चिमूट घट्ट होईल. आणले भिजवून.

रियाचे पप्पा पुण्याचे, नवीन आलेले, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटर कंपनीत. त्यांना हे कुठलं माहीत.

"याचा पर्पज काय?"

"बोटांचं आहे, सर."

"आणि सोललेले दाणे कोणाच्या घरी जाणार?"

मॅडम आतून आल्या. त्या इथल्याच, जुन्या मराठी, बोलण्यात अर्धं कानडी. "स्वल्प बसा, अण्णा. एक सोलून बघा."

ते मुलांच्या खुर्चीत बसले. दाणा दाबला. तो उडाला, मॅडमच्या चष्म्यावर.

"पप्पा, हळू ना," रिया म्हणाली.

दुसरा भिंतीवर. तिसरा निघाला.

"ते ठीक आहे. पण दाणे?"

"ज्याने सोलले त्याच्या घरी. आजपासून. सरी?" मॅडम म्हणाल्या. सरी म्हणजे ठीक आहे ना.

"सरी," म्हणाले आणि गेले. माझी नोकरी राहिली की गेली, ते काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दारात, हातात मोठा स्टीलचा डबा. आत भिजवलेले पावटे, न सोललेले. "मिसेसने दिलेत. पाहुणे येणार आहेत. बारापर्यंत होतील ना?" त्यांच्यामागे आणखी तीन-चार मुलांच्या आया, डबे घेऊन.

मॅडमनी डब्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्यापासून मणी ओवायला दे. आणि टीचर आली तरी ठरवायचं तूच."

तेव्हापासून ॲक्टिव्हिटी ठरवताना मी दोन गोष्टी बघते. मूल त्यातनं काय शिकेल. आणि ते घरच्यांच्या कामाचं नाही ना.