ग्रेडरसाहेबांची फायरवॉल

राळेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर श्रीकृष्णरावांनी सव्वीस वर्षं ग्रेडर म्हणून काढली. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस उजेडात धरायचा आणि ओल किंवा पिवळेपणाची नुसती शंका आली तरी म्हणायचं, "परत." हा शब्द त्यांच्या जिभेवर इतका बसला होता की पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला तरी आधी "परत" निघायचं आणि मग पश्चात्ताप व्हायचा.

निवृत्तीनंतर ते यवतमाळात आले. ज्या वर्षी कापसाचे हाल कुत्रा खाईना आणि दिवसातले आठ तास वीज नसे, त्या वर्षी त्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. कारण एकच होतं, नात. मुलगी मिताली शिकागोत, तिची आभा दहा महिन्यांची. आणि इकडे बायकोच्या, शीलाताईंच्या, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आहे ती नजर जपा, गेलेली परत येणार नाही.

"आभाले एकदा हलताना-बोलताना पाहू द्या," शीलाताई म्हणाल्या, "मग माझे दिवे गेले तरी चालते. गावाचे तर रोजच जाऊन राहिले."

कॉम्प्युटर आला. शीलाताईंनी अंदाजाने त्याला झालरीचं झबलं शिवलं. पण सात रविवार गेले तरी कॉल लागेना. मितालीचा फोन यायचा, "बाबा, तुमच्याकडची फायरवॉल अडवतेय. सेटिंग बघा." श्रीकृष्णराव सेटिंग बघायचे. जुन्या सवयीने त्यांनी एक रजिस्टर ठेवलं होतं. तारीख, वेळ, काय बदललं, परिणाम. परिणामाच्या रकान्यात सात वेळा 'निरंक' होतं.

या आठवड्यांत शीलाताई तांदूळ बोटांनीच निवडू लागल्या होत्या. श्रीकृष्णरावांना ते हाताचं कसब वाटायचं. शेवटी हात घालून पारखणारा माणूस तो.

आठव्या शनिवारी त्यांनी हार मानली आणि कॉम्प्युटर विकणाऱ्या अमरला बोलावलं. अमर खुर्चीवर बसला, फायरवॉलची यादी उघडली आणि बघतच राहिला.

"काकाजी, हे एवढं सगळं कोणी अडवलं?"

"व्हायरसनं असेल."

"व्हायरस कायले? प्रोग्रॅमनं आत येऊ का म्हणून विचारलं, का तुमी 'रोखा' दाबलं. त्रेचाळीस डाव! कॉलवाल्याले तर तीनदा हाकललं."

"अनोळखी होता तो," श्रीकृष्णराव पुटपुटले. "इंग्रजीत विचारत होता. शंका आली."

अमर हसला. "माह्या बाबाचीबी गाडी तुमी अशीच परत लावली होती राळेगावले. किसनराव, मुकुटबनचे. तीन दिवस रांगेत होते बिचारे. तुमी म्हने वरूनच पाह्यलं."

श्रीकृष्णरावांना किसनराव आठवले नाहीत. गाड्या हजार होत्या. पण त्यांनी अमरला दुसरा चहा आग्रहाने दिला. तेवढंच हातात होतं.

अमरने कॉलची वाट मोकळी केली. जाताना बजावलं, "उद्या चित्रासाठी ते पुन्हा येगळं विचारन. तवा 'परवानगी द्या' दाबा. परत म्हनू नका!"

रविवारी सकाळी सातला शीलाताई ठेवणीतलं पातळ नेसून बसल्या. पडद्यापासून वीतभर अंतरावर. आणि घंटी वाजली, मितालीचा आवाज आला, मागे आभाचा हुंकार. सात आठवड्यांनी पहिल्यांदा कॉल लागला होता! श्रीकृष्णराव इतके हरखले, की पडद्यावरचा चौकोन अजून काळाच आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

"आई, नीट बघ हं!" मिताली म्हणाली. "आभाचं काय बदललंय, ओळख पाहू!"

"दिसली गं बाई, दिसली!" शीलाताईंनी काळ्या चौकोनाकडे झुकून दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडली. "जावळ केवढं वाढवलं गं तिचं! डोळ्यांवर येऊन राहिलं की. काढा आता."

श्रीकृष्णरावांचं लक्ष तेव्हा चौकोनाकडे गेलं. काळा ठिक्कर. कोपऱ्यात बारीक अक्षरांत फायरवॉल विचारत होती, रोखू की परवानगी? त्यांनी एकदा बायकोच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. मग बोट हलकेच 'परवानगी द्या'वर दाबलं.

चौकोन उजळला. मितालीच्या मांडीवर आभा बसली होती. डोक्याचा गुळगुळीत गोटा, मधोमध कुंकवाची बोटं. जावळ कालच काढलेलं दिसत होतं.

शीलाताईंच्या बोलण्यात तसूभर फरक पडला नाही. त्या अजून जावळाचंच सांगत होत्या, कुणाच्या मांडीवर बसवायचं, पहिली बट कुणी कापायची.

पलीकडे मितालीने ओठ घट्ट मिटले होते. तिने आपला तळवा आभाच्या त्या तुळतुळीत डोक्यावर ठेवला.

"हो आई," ती म्हणाली. "खूपच वाढलंय. काढू आता."

श्रीकृष्णरावांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. रजिस्टर शेजारी उघडंच होतं. परिणामाचा रकाना रिकामा.

"अहो," शीलाताई पडद्याकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "काहून गप्प बसले? इतकी मेहनत केली तुम्ही. दिसते ना तुम्हाले नीट?"

"दिसते," श्रीकृष्णराव म्हणाले.