पांढऱ्या छत्रीतला उजेड

फोटोग्राफीची पांढरी छत्री उघडली की कापडाला नव्या रेनकोटसारखा वास येतो, आणि मी सायखेड्याच्या त्या ओसरीवर जाऊन उभा राहतो. मित्राचे वडील पहाटे गेले होते. आधार कार्डावरचा सोडला तर त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून त्याने मला नाशिकहून बोलावलं. "न्यायच्या आधी फ्रेमसाठी एक चांगला काढ," एवढंच म्हणाला. कॅमेऱ्यापासून लांब ठेवायचा फ्लॅश मी तेव्हा नुकताच शिकत होतो. समोरून मारला तर चेहरा पिठासारखा पांढरा, सपाट आला. मग फ्लॅश स्टँडवर बाजूला लावला, उजेड मऊ पडावा म्हणून पुढे ती पांढरी छत्री बसवली, आणि दुपारी जेवून लवंडलेल्या माणसासारखा चेहरा आला. उदबत्ती, झेंडू, बायकांचं रडणं, आणि माझं लक्ष नाकाच्या सावलीवर. ती जास्त वाटली म्हणून स्टँड दुसऱ्या बाजूला नेऊन बटण दाबलं. उशाशी बसलेली मित्राची आई म्हणाली, "पापणी हालली त्यांची." रडणं थांबलं. मित्राने वडिलांच्या नाकाशी बोट धरलं, बराच वेळ धरलं. "आई, उजेड हाय तो. सावली हालली." तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "परत लाव." मी लावला. "परत." फ्लॅश चार्ज होताना बारीक शीळ यायची, तेवढा वेळ ती श्वास रोखून बसायची. शेवटी मित्रानेच येऊन छत्री मिटली. आता मी लग्नाचे फोटो काढतो. फ्लॅश पडताना नवरीचे डोळे मिटले की फोटो वाया जातो. पुढच्या फोटोत पापणी उघडी दिसेपर्यंत तो मी डिलीट करत नाही.